गोव्यात ऑफ-रोडिंग: किनारा, जंगल, सडा, खाजन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यटन हंगाम उघडला की हे प्रश्न नव्याने येऊ लागतात. विचारणाऱ्यांत फोर-बाय-फोर घेतलेले हौशी असतात, भाड्याने गाड्या देणारे असतात, आणि कुणाच्या तरी चाकाखाली ज्यांच्या शेताचा बांध खचला असे गावकरीही असतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलं आहे. एकाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोव्यात सार्वजनिक जमिनीवर ऑफ-रोडिंग कुठे करता येतं?

कोणीही आपली गाडी घेऊन जावं असा, हौशी वाहनांसाठी आखून दिलेला ट्रॅक सार्वजनिक जमिनीवर नाही. ‘पाटी नाही म्हणजे परवानगी आहे’ हा समजच लोकांना सगळ्यात जास्त गोत्यात आणतो. ओसाड दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याला धनी असतो: वनखातं, महसूल, कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), देवस्थान, खाणीचं लीज किंवा कसणारं कूळ. हौस कायदेशीरपणे भागवायची तर मालकाच्या लेखी संमतीने खासगी जमीन घ्यावी किंवा रीतसर परवानग्या काढून भरवलेल्या स्पर्धेत उतरावं (प्रश्न १४).

२. मी रस्त्यावर नाहीच, मग मोटार वाहन कायदा कसा लागेल?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. कलम २(३४) प्रमाणे जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती कोणतीही जागा त्यात येते, मग ती वहिवाटीची वाट असो वा नसो. पुळण (किनाऱ्याची रेती), नदीकाठ, गावचं मैदान हे सगळं आलं. म्हणून परवाना (कलम ३), त्रयस्थ विमा (कलम १४६), हेल्मेट (कलम १२९) आणि दारू पिऊन गाडी चालवण्यावरची बंदी (कलम १८५, रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा) वाळूतही लागू राहते. नोंदणीचा नियम तर याहून रुंद आहे, तो प्रश्न ८ मध्ये पाहा.

३. किनाऱ्यावर गाडी उतरवली तर नक्की कोणता गुन्हा होतो? नुसता तालांव (दंडाची पावती) मिळतो ना?

तालांव हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. एकाच कृत्यावर वेगवेगळी खाती वेगवेगळ्या कायद्यांखाली येऊ शकतात.

पोलिसांकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक चालवणं: पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही) असतं. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि कलम १२५ (इतरांच्या जिवाला धोका) लावता येतं. ही दोन फौजदारी कलमं आहेत. नोंद झाली की पासपोर्ट किंवा नोकरीच्या पडताळणीत ती समोर येते. पर्यटन खात्याच्या हातात गोवा पर्यटनस्थळे (संरक्षण आणि देखभाल) कायदा, २००१ आहे. आणि वाळूच्या टेकडीला धक्का लागला तर सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेचा भंग म्हणून पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ येतो. जनविश्वास कायद्याने केलेल्या दुरुस्तीनंतर त्यातल्या कलम १५ चा दंड १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत जातो.

४. ओहोटीच्या वेळी घट्ट, ओल्या रेतीवरून सावकाश नेली तर काय बिघडतं?

कायद्याने काही फरक पडत नाही. भरती-ओहोटीच्या मधला पट्टाही सीआरझेडमध्येच येतो आणि तीही सार्वजनिक जागाच आहे.

घट्ट दिसणारी रेती फसवी असते. तिच्यात पाणी मुरलेलं असतं तोवरच ती वजन पेलते. गाडी थांबली आणि लाटेचं पाणी चाकाभोवती फिरलं की टायरखालची रेती सुटते आणि दोन-तीन लाटांत चाक रिमपर्यंत खाली जातं. फोटोसाठी थांबलेल्या गाड्या अशाच रुततात. याच पट्ट्यात तिसऱ्या, खुबे आणि कुर्ल्या वरच्या काही इंचांत राहतात. चाकाने रेती दाबली गेली की त्यांची बिळं मिटतात.

५. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागला एवढी कडक नजर का?

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्यात हे चार किनारे कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नावानिशी आहेत. इथे येणारं ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका पर्यटनाचा. मादी रात्री वर येते, फूट-दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि रेती सारखी करून परत जाते. वरून काही दिसत नाही. वनखात्याच्या पहारेकऱ्यांना सापडलेल्या घरट्याला कुंपण होतं, न सापडलेलं तसंच राहतं. हेडलाइट दिसला तर मादी अंडी न घालताच माघारी फिरते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात, लांबीला जेमतेम दीड-दोन इंच. जीपच्या चाकोरीची चार इंच खोल कड त्या पिल्लाला चढवत नाही. मग ते समुद्राकडे जायचं सोडून चाकोरीतूनच किनाऱ्याला समांतर चालत राहतं आणि उजाडेपर्यंत कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतं. गाडी घरट्यावरून गेलीच पाहिजे असं नाही. आदल्या संध्याकाळची चाकोरी पुरते.

६. वाळूच्या टेकडीवर नुसत्या वेली असतात. एकदा चढवली तर काय होतं?

त्या वेलीच टेकडी धरून ठेवतात. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा यांची मुळं उडती वाळू अडवतात. चाकाने वेल फाटली की तिथून वारा वाळू उपसू लागतो, खाच रुंदावते आणि पावसाळ्यातल्या उधाणाला आत शिरायला वाट मिळते. मागच्या माडांची मुळं उघडी पडायला सुरुवात इथूनच होते. अशा टेकड्यांवर कोणतीच हालचाल होऊ द्यायची नाही, असं २०११ ची अधिसूचना गोव्यापुरतं स्पष्ट सांगते.

७. गाडी रुतली आहे आणि भरती चढते आहे. आत्ता काय करू?

आधी माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. जवळ जीवरक्षक असेल तर त्याला सांगा. पोलीस येतील म्हणून फोन टाळू नका. समुद्रात गेलेली गाडी तालांवापेक्षा कितीतरी महाग पडते.

मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते आणि मग माणसांनी ढकलून निघत नाही. टायरमधली हवा ३०–३२ वरून १५–१६ पीएसआयवर आणा. १२ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. प्रत्येक चाकामागची आणि पोटाखालची रेती हाताने किंवा फावड्याने उतरती काढा, फळ्या किंवा पायपुसणी चाकाखाली घट्ट सारा आणि स्टिअरिंग सरळ ठेवून ज्या वाटेने आलात तिनेच मागे निघा.

दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर दोर गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट ताकदीचा हवा. मध्यम एसयूव्हीसाठी पाच-सहा टनांचा धरा. बंपरमध्ये आट्यांनी बसवायचा हूक सपाट रस्त्यावर टो करण्यापुरता असतो. झटक्याने ओढलं की तो तुटून गोळीसारखा सुटतो. दोर चेसिसला बांधा, मध्यावर ओली गोणी टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर ठेवा. टेकडीवरून ओढून काढू नका, त्याने प्रश्न ६ मधला भंग वेगळा वाढतो.

वेळेचा अंदाज असा: ओहोटीपासून भरतीला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात झपाट्याने चढतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं असेल तर इंजिन सुरू करू नका आणि बॅटरी सोडवा. गाडी विजेवरची असेल तर तिच्यापासून दूर व्हा. बाहेर निघाल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. डिफरन्शियल आणि गिअर ऑईल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, ब्रेक आणि व्हील बेअरिंग उघडून बघून घ्या.

८. मी एटीव्ही (जाड टायरची, उघडी, छोटी ऑफ-रोड गाडी) विकत घेतली आहे. नोंदणी कशी करू?

बहुतेक एटीव्हींची होतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली ज्या मॉडेलला प्रकार-मान्यता नाही, त्याला वाहतूक खातं नंबर देऊ शकत नाही. घेण्याआधी विक्रेत्याकडे त्या मॉडेलचं मान्यता प्रमाणपत्र मागा. ‘बिल आहे, तेच पुरे’ असं उत्तर आलं तर समजून घ्या.

खरी गुंतागुंत पुढे आहे. परवान्याची सक्ती ‘सार्वजनिक जागे’पुरती आहे, पण नोंदणीचं कलम ३९ ‘सार्वजनिक जागी किंवा अन्य कोणत्याही जागी’ असं म्हणतं. म्हणजे स्वतःच्या कुळागरातही (सुपारी-माडांच्या बागेतही) बिननोंदणीचं मोटार वाहन चालवता येत नाही. सुटका मिळते ती फक्त व्याख्येतून. कारखाना किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन कलम २(२८) प्रमाणे ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणून एटीव्ही कुंपणाच्या आतच ठेवा आणि दुसरीकडे न्यायची झाली तर पिकअपमधून न्या. शेजारच्या गल्लीतून चालवत नेलीत की हा बचाव संपला. मग कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे आणि कलम २०७ खाली वाहन अडकवून ठेवता येतं.

९. ई-सायकल किंवा छोटी ई-स्कूटर चालेल ना?

२५० वॉटपेक्षा कमी ताकद, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन असेल तर ती मोटार वाहन मानली जात नाही, नोंदणी लागत नाही. पण सीआरझेड आणि वन्यजीव कायदा इंजिन बघत नाहीत, जागा बघतात. टेकडी, कासवांचा किनारा आणि अभयारण्य तिलाही बंद.

१०. अभयारण्यातून रस्ता जातो, मग जीप घेऊन आत का जाऊ देत नाहीत? आणि दूधसागरला जीप कशा जातात?

वन्यजीव कायद्याचं कलम २७ सार्वजनिक महामार्गावरून पार जाणाऱ्याला मोकळीक देतं. मोलेतून अनमोड घाटाकडे राष्ट्रीय महामार्ग ७४८ ने जाताना परवाना लागत नाही तो यामुळे. महामार्ग सोडून आडवाटेला चाक वळलं की कलम २८ चा परवाना हवा. भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, सगळीकडे हेच. भंगाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आत घर किंवा शेत असलेल्यांना कायद्यात वेगळी सूट आहे, त्यांच्या पाहुण्यांच्या जीपला आपोआप नाही.

दूधसागरची सेवा कुळ्याहून चालते. ठरावीक वाट, नोंद केलेल्या स्थानिक जीप, तिकीट, प्रवाशांना लाइफ जॅकेट आणि पावसाळ्यात बंद. स्वतःची फोर-बाय-फोर कितीही भक्कम असली तरी त्या वाटेवर घेत नाहीत. रुळांवरून चालत जाणं हा आणखी वेगळा गुन्हा आहे.

११. अभयारण्याबाहेरचा सडा तर उघडा कातळ आहे. तिथे काय नुकसान?

उन्हाळ्यात कातळ दिसतो तो पावसात बाग होतो. जांभ्यावर मातीचा थर काही सेंटिमीटरचाच असतो, त्यावर जुलै ते सप्टेंबरमध्ये गेंद, सीतेची आसवं आणि किडे खाणाऱ्या इवल्या वनस्पती फुलतात. नेमक्या त्याच महिन्यांत चिखल उडवायला गाड्या चढतात. चाकाने खरवडलेली माती पहिल्याच सरीत वाहून जाते आणि चाकोरीचा ओहोळ होतो. सड्यावर मुरणारं पाणी खालच्या झरी-विहिरींना मिळतं, त्यामुळे त्याचा फटका पायथ्याच्या वाड्यांना बसतो.

जमीन कुणाची हे एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) बघा. सर्व्हे नंबर गावच्या तलाठ्याकडून मिळतो. ‘खासगी वन’ म्हणून निश्चित झालेली जमीन असेल तर मालकाचा होकार पुरत नाही, वनखात्याला विचारावं लागतं.

१२. बंद खाणींच्या डंपवर (उपसलेल्या मातीच्या ढिगांवर) सराव केला तर?

हा बेत सोडा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली तरी जागा मोकळी झाली नाही, शिरणं बेकायदाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव. डंपची कड वरून टणक आणि आतून पोकळ असते, पावसानंतर ती गाडीसकट सुटते. टेलिंग पॉण्डवर (खनिज धुतलेला गाळ साठवलेल्या तळ्यावर) सुकलेली साय धरते. वर माणूस उभा राहतो, गाडी बुडते, आणि तो गाळ इतका बारीक असतो की आत गेलेलं चाक ओढून निघत नाही. पिटमधलं पाणी फार खोल असतं आणि त्याला उतरता काठ नसतो.

१३. खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतीचा) बांध गाडी जाईल एवढा रुंद आहे. मग नेली तर?

बांध चिखल-मातीचा असतो आणि त्याचं काम खारं पाणी शेताबाहेर ठेवणं हे आहे. दीड-दोन टनांच्या गाडीने माथा दबतो, आतल्या कुर्ल्यांच्या बिळांना भेगा मिळतात आणि पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की मीठ धुवून निघायला पावसाळे जातात. मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळचा) भाग सगळ्यात नाजूक. शेतकऱ्यांच्या कूळ संघटनेला नुकसानीची तक्रार मामलेदाराकडे करता येते, आणि खर्च मागताना गाडीचा नंबर असलेला फोटो फार उपयोगी पडतो.

१४. खासगी जमिनीवर ट्रॅक किंवा स्पर्धा करायची आहे. कुठून सुरुवात करू?

एक-चौदा उताऱ्यापासून. त्यावर मालकासोबत कुळाचं नाव असेल तर दोघांची लेखी संमती घ्या. जमीन सीआरझेड, खासगी वन, खाजन किंवा अभयारण्याच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्यात आहे का हे त्यानंतर तपासा. असेल तर दुसरी जागा शोधणं सोपं. उतार कापायचा किंवा सखल भाग भरायचा झाला तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली मुख्य नगरनियोजकांची पूर्वपरवानगी लागते. जेसीबी आधी लावून कागद मागाहून काढायला गेलेले इथेच अडकतात. झाड तोडायचं असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वेगळा अर्ज.

स्पर्धेसाठी पंचायत, पोलीस आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे अर्ज, जागेवर रुग्णवाहिका आणि अग्निशामक, तसंच मोटरस्पोर्ट महासंघाची मान्यता ठेवा. मूळ मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज २०१४ पासून गोव्यात भर पावसात होते, त्यामुळे हे रीतसर करता येतं यात शंका नाही. आमचं मत असं की वाहत्या ओहोळातून ट्रॅक नेऊच नये. चिखलाचा खड्डा वेगळा करा, त्यातलं तेलकट पाणी गाळण-खड्ड्यात अडवा.

१५. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मी शेजारी बसून पुळणीवर शिकवतो, चालेल?

नाही. कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला ठाऊक नव्हतं’ हा बचाव शेजारी बसलेल्या बापाला उरत नाही.

१६. भाड्याची गाडी किंवा विमा यांचं काय?

भाड्याच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत तर परवान्याविना वापराचं कलम १९२-अ मालकावर येतं आणि अपघातात तुमचा विमा वादात पडतो. गाडी देणाऱ्यांना सूचना: करारात ‘किनारा, नदीपात्र, कच्ची जंगलवाट बंद’ असं मराठी-हिंदी-इंग्रजीत लिहा. चालक कोण होता हे पोलिसांना सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकावरच बंधनकारक आहे, म्हणून परवान्याची प्रत जपून ठेवा.

स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ वाचा. शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल सहसा वगळलेल्या असतात. सस्पेन्शन उचलणं, मोठे टायर, बुलबार हे बदल आरसीवर चढलेले नसतील तर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि दाव्यातही अडचण येते.

१७. मच्छीमारांचे ट्रॅक्टर, जीवरक्षकांच्या जीप, कचरा उचलणाऱ्या गाड्या चालतात. मग आम्हालाच का नाही?

कारण त्या कामासाठी आणि नेमून दिलेल्या वाटेने जातात. रापणीची होडी वर ओढणं हा पिढ्यांचा व्यवसाय आहे, बुडणाऱ्याकडे धावणं हे कर्तव्य. तरी त्यांनीही टेकडी आणि घरट्यांचं कुंपण टाळायला हवं. शॅकचं सामान उतरवायला आलेला टेम्पो दिवसभर वाळूत उभा ठेवणं या सवलतीत बसत नाही.

१८. अमेरिकेत सरकारी जमिनीवर चालतं म्हणतात. मग इथे बंदी का?

तिथेही मोकळं रान नाही. १९७२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश ११६४४ ने सरकारी जमिनींवर कुठे गाडी चालेल आणि कुठे नाही हे ठरवायला लावलं. वनसेवेच्या २००५ च्या नियमानंतर तर नकाशावर उघडी दाखवलेली वाटच उघडी, बाकी सगळं बंद. गोव्यात हवा तो असाच नकाशा. थोडक्या, आधीच उघड्या पडलेल्या आणि सुरक्षित केलेल्या जागा नावानिशी जाहीर केल्या तर उरलेल्या ठिकाणची बंदी राबवणं पोलिसांना सोपं जाईल. विस्तीर्ण वाळवंटांतले नियम आपल्या अरुंद किनाऱ्याला मात्र लावता येणार नाहीत.

१९. आमच्या वाड्याजवळ रोज गाड्या येतात. तक्रार कशी करावी म्हणजे ती टिकेल?

गाडी चालू असताना ११२. अडवायला पुढे उभे राहू नका. दोन फोटो पुरतात: एक नंबर वाचता येईल असा, दुसरा मागे ओळखीची खूण दिसेल असा, म्हणजे क्रॉस, शॅक किंवा घरट्याचं कुंपण. चाकोरी मोजपट्टी ठेवून टिपा, दुसऱ्या दिवशी ती राहत नाही.

मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवली की वेळ आणि जागेची माहिती फाइलमधून निघून जाते. कुणाची रील दिसली तर नुसती पुढे ढकलू नका. दुवा, खात्याचं नाव आणि तारीख लिहून डाउनलोड करून घ्या. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते फोनच्या मालकाला द्यावं लागतं.

लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. प्रत किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला आणि कासवांची किंवा जंगलाची जागा असेल तर वनखात्याच्या परिक्षेत्र अधिकाऱ्याला. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव म्हणून उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वाहनं उतरतात त्या तोंडावर खांब रोवायचा आदेश त्यातून मिळू शकतो. खांबांमधलं अंतर चार-साडेचार फूट ठेवायला सांगा: व्हीलचेअर आणि हातगाडी जाते, जीप जात नाही. दुचाकी मात्र या फटीतून निसटते. तिच्यासाठी वाट नागमोडी करावी लागते, पण वळणं व्हीलचेअरला पुरतील एवढी रुंद राहतील हे आधी मोजून घ्या.